राळ, लाख व औषधालयाचे कपाट : रोगणाच्या निमित्ताने निर्यासपरीक्षा

प्रास्ताविक

औषधालयातील लाकडी कपाटास रोगण देणे हे सुताराचे काम आहे. त्यात वैद्याने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु रोगण ज्या द्रव्यांपासून तयार होते ती राळ, लाख, गंधबिरोजा, जवसाचे तेल ही सर्व द्रव्ये आपल्याच निघंटूंत वर्णिलेली व आपल्याच बरण्यांत भरलेली आहेत. 'रोगण' हा शब्ददेखील मूळचा फारसी असून त्याचा अर्थ तेल असा आहे. औषधविक्रेत्यांच्या परिचयाचे 'रोगन बादाम' आणि सुताराचे रोगण ही एकाच शब्दाची दोन रूपे होत.

प्रस्तुत लेखात नैसर्गिक निर्यासांपासून घरच्या घरी वॉर्निश तयार करण्याची कृती दिली आहे. तथापि लेखाचा मुख्य हेतू त्याहून निराळा आहे. वॉर्निश तयार करताना राळेचा खरेखोटेपणा जसा उघड होतो तसा तो मलम तयार करताना होत नाही. मलमात बनावट राळ निमूटपणे मिसळून जाते. फळीवर मात्र ती आपले खरे रूप दाखविते. हा अनुभव प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीमुळे आला. व्यावसायिक बंधुभगिनींनी तीच चूक करू नये, यासाठी तो येथे प्रांजळपणे नमूद करीत आहे.

एका कपाटाची हकिकत

आमच्या औषधालयात काष्ठौषधींचे एक जुने सागवानी कपाट आहे. लहान खण, वर बरण्यांसाठी फळ्या, अशी त्याची रचना. त्याचे मूळचे पॉलिश झिजले होते. बाजारातील तयार सिंथेटिक वॉर्निशचा उग्र वास औषधांना लागेल, या विचाराने राळ व टर्पेंटाइन यांचे वॉर्निश घरीच करावे असे ठरविले. राळ औषधालयात होतीच. मलमासाठी आणलेल्या पुड्यातीलच राळ घेतली, कुटून टर्पेंटाइनमध्ये विरघळविली, थोडे जवसाचे तेल घातले आणि फाल्गुनात फळ्यांना दोन हात दिले.

राळ आश्चर्य वाटावे इतक्या लवकर विरघळली व फळ्यांना सुरेख चकाकी आली. त्या वेळी समाधान वाटले. पुढे चैत्र उजाडला, सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर गेला आणि फळ्या चिकट झाल्या. बरणी उचलावी तर तळाशी वॉर्निशचा पापुद्रा ओढला जाई. लेबलांचे कागद फळीस चिकटू लागले. प्रथम वाटले, तेलाचे प्रमाण चुकले असेल. नंतर वाटले, टर्पेंटाइन हलके असेल. म्हणून तेच तेल व तेच टर्पेंटाइन घेऊन, दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या राळेचे थोडे वॉर्निश केले व एका सुट्या फळीवर लावले. ती फळी चार दिवसांत कोरडी झाली आणि वैशाखातही कोरडीच राहिली. दोष तेलाचा नव्हता, उन्हाचा नव्हता; दोष राळेचा होता. पुढे दिलेल्या परीक्षा केल्यावर पहिल्या पुड्यातील द्रव्य राळ नसून बहुतांशी रोझिन असल्याचे स्पष्ट झाले.

कपाटाचे नुकसान लहान होते. फळ्या खरवडून काढल्या. परंतु त्याच पुड्यातील राळ त्या हिवाळ्यात मलमात गेली होती. पायांच्या भेगांसाठी तो मलम नेलेल्या एका विडी कामगार भगिनीने, पायाला खाज सुटून लाली आल्याची तक्रार केली होती. त्या वेळी आम्ही अपथ्याला व साबणाच्या पाण्याला दोष देऊन मलम चालू ठेवण्यास सांगितले होते. तोच मलम पुन्हा लावून पाहण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून रोझिन हेच कारण होते असे सिद्ध झाल्याचा दावा करीत नाही. मात्र रोझिन हे त्वचेस ॲलर्जी उत्पन्न करणारे सुपरिचित द्रव्य आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या पॅच टेस्टमधील द्रव्यांत त्याचा समावेश असतो, आणि चिकटपट्टीने अंगावर पुरळ उठणाऱ्या रुग्णांत त्याचे कारण पुष्कळदा पट्टीच्या गोंदातील रोझिन असते. रुग्ण तक्रार घेऊन आला असता आम्ही पथ्य तपासले, द्रव्य तपासले नाही, ही चूक आमचीच होय.

द्रव्यपरिचय

1) राळ (सर्जरस, शालनिर्यास) : शालवृक्षाच्या खोडातून स्रवणारा हा निर्यास होय. वनस्पतिशास्त्रात या वृक्षास शोरिया रोबस्टा म्हणतात. शालवने मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा व हिमालयाच्या पायथ्याशी आहेत. सोलापूर परिसरात शालवृक्ष नाही. म्हणजे आपण झाड कधी पाहत नाही, केवळ पुडा पाहतो. फसवणुकीस वाव मिळतो तो येथेच. खरी राळ फिकट पिवळट ते तपकिरी, अपारदर्शकतेकडे झुकणारी व ठिसूळ असते. ती मद्यार्कात अंशतःच विरघळते. टर्पेंटाइन व स्थिर तेले यांत मात्र चांगली विरघळते. भावप्रकाशाने राळेचा समावेश कर्पूरादि वर्गात केला आहे. तिक्त-कषाय रस, शीत व ग्राही गुण यांमुळे व्रण, दग्ध, अतिसार यांत ती योजिली जाते. वातरक्तावरील पिंडतैलात मेण, मंजिष्ठा व सारिवा यांच्या जोडीला सर्जरस आहे, हे सर्वांस ठाऊक आहेच.

2) पांढरा डामर : पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, विशेषतः कर्नाटक व केरळ येथे, वॅटेरिया इंडिका हा वृक्ष आढळतो. त्याचा निर्यास पांढरा डामर म्हणून ओळखला जातो व वॉर्निशसाठी पूर्वापार वापरात आहे. काही विद्वान 'सर्ज' म्हणजे हाच वृक्ष मानतात व शालाहून त्यास वेगळा गणतात. बाजारात 'चंद्रूस' हे नाव कधी या निर्यासास, तर कधी परदेशातून येणाऱ्या कोपल जातीच्या निर्यासास दिले जाते. त्यामुळे खरेदी करताना केवळ नावावर विसंबू नये.

3) गंधबिरोजा व रोझिन : सरल म्हणजे चीड वृक्षाच्या खोडास खाचा पाडून मिळणारा चिकट स्राव तो गंधबिरोजा, ग्रंथांतील श्रीवेष्टक अथवा श्रीवास. हा स्राव वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातित केला असता टर्पेंटाइन तेल वर निघून जाते व मागे काचेसारखे पारदर्शक, मधाच्या रंगाचे जे घन द्रव्य उरते ते रोझिन. साबण, कागद, डिंकपट्ट्या, झाळकाम अशा अनेक उद्योगांत त्याचा खप आहे. ते मद्यार्कात पूर्ण विरघळते व सुमारे 70 ते 80 अंश सेल्सिअसला मऊ पडते. चीड वृक्षाचा निर्यास हेही एक औषधी द्रव्य आहे व त्याचे स्वतःचे गुणधर्म आहेत. तो त्याच्या नावाने विकला जावा यास कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती राळेच्या नावाने रोझिन विकण्यास.

4) लाख : हा वृक्षनिर्यास नव्हे, पळस, बोर, कुसुम या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर जगणाऱ्या लाक्षाकीटकाचा तो स्राव होय. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेवर स्वतंत्र सूक्त आहे. काडीसह मिळते ती काडीलाख, धुऊन रंग काढलेली ती दाणेलाख आणि वितळवून पातळ पापुद्रे केलेला तो चपडा. लाख मद्यार्कात व क्षारजलात विरघळते. टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळील नामकुम येथे 1924 साली भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली. 2007 मध्ये नैसर्गिक राळ व डिंक यांचा समावेश करून तिचे नाव बदलण्यात आले व 2022 पासून ती राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था म्हणून ओळखली जाते.

चपड्याविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. चपडा पिवळा व आकर्षक दिसावा म्हणून पूर्वी त्यात हरताल मिसळीत असत, आणि वजन वाढविण्यासाठी रोझिन घालण्याची चालही जुनी आहे. म्हणून लाक्षागुग्गुळ, लाक्षादि तैल इत्यादींसाठी काडीलाख घेऊन ती स्वतः निवडावी. पॉलिशच्या दुकानातील चपडा औषधात कदापि घालू नये.

प्राचीन ग्रंथांतील भेद

राळ व चीड वृक्षाचा निर्यास हे दोन निराळे पदार्थ आहेत, हा काही आधुनिक रसायनशास्त्राचा शोध नव्हे. भावप्रकाशात कर्पूरादि वर्गातच राळ व सरलनिर्यास यांची वर्णने स्वतंत्र आहेत. याहून प्राचीन व प्रस्तुत विषयाशी अधिक निकट असे उदाहरण सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सापडते. मंदिरे, मूर्ती, भिंती यांवर द्यावयाच्या वज्रलेपाचा तेथे एक संपूर्ण अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले, वेखंड इत्यादींचा काढा अष्टमांश आटवून त्यात जे पदार्थ घालावयास सांगितले आहेत, त्यांत गुग्गुळ, भल्लातक, कुंदुरू, सर्जरस, अतसी म्हणजे जवस, बिल्व आणि श्रीवासक यांची नावे आहेत.

एकाच कल्पात सर्जरस व श्रीवासक ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतात, याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्यास लेप टिकाऊ करावयाचा होता, त्यास दोन्ही निर्यासांची कार्ये निरनिराळी आहेत हे ठाऊक होते. शिवाय निर्यास व जवस यांचा संयोग तेथेही आहे. तोच आजच्या तेलवॉर्निशचा पाया होय. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर 2020 मध्ये जो वज्रलेप झाला त्यातील द्रव्ये आधुनिक रासायनिक होती. परंतु 'वज्रलेप' या नावाचे मूळ या जुन्या कल्पात आहे.

निर्यासपरीक्षा

पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात. पहिल्या तीन औषधालयात सहज होतात. चौथी महाविद्यालयाच्या किंवा औषधनिर्माणशाळेच्या प्रयोगशाळेत करावी.

1) स्पर्श व गंध : खडा फोडून त्याचे चूर्ण बोटांत काही वेळ चोळावे. रोझिन हाताच्या उबेने चिकटू लागते. निखाऱ्यावर चिमूटभर टाकल्यास रोझिनचा धूर टर्पेंटाइनची आठवण करून देणारा व घशास लागणारा असतो. राळेचा धूर देवघरातील धुपासारखा असतो. ही परीक्षा अनुभवावर अवलंबून असल्याने केवळ हिच्यावर निर्णय करू नये.

2) मद्यार्क परीक्षा : एक ग्रॅम चूर्ण परीक्षानळीत घेऊन दहा मिलिलीटर तीव्र मद्यार्क घालावा व हलवून ठेवावे. रोझिन पूर्ण विरघळून द्रव स्वच्छ होतो. खरी राळ असल्यास न विरघळलेला भाग स्पष्ट शिल्लक राहतो. पहिल्या पुड्यातील आमची 'राळ' येथे जवळजवळ निःशेष विरघळली होती.

3) क्षार परीक्षा : धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात चूर्ण उकळावे. रोझिनमधील अम्ल द्रव्यांमुळे त्याचा साबण बनतो व हलविल्यावर फेस टिकून राहतो. रोझिनचे अम्लमूल्य 150 च्या पुढे असते. डामर जातीच्या निर्यासांचे त्याच्या तुलनेने फारच कमी. त्यामुळे डामर जातीचे द्रव्य बहुतांशी तसेच राहते.

4) कॉपर ॲसिटेट परीक्षा : 0.1 ग्रॅम चूर्ण दहा मिलिलीटर पेट्रोलियम ईथरमध्ये हलवून गाळावे. गाळलेल्या द्रवाच्या दुप्पट, 0.5 टक्के कॉपर ॲसिटेटचे द्रावण त्यात मिसळून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. वरचा थर पाचूसारखा हिरवा झाल्यास रोझिन आहे असे समजावे. पेट्रोलियम ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत नसावी.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीही साधन नाही त्यांनी फळीची परीक्षा करावी. मूठभर राळेचे वॉर्निश करून लाकडाच्या तुकड्यास लावावे व तुकडा उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीत ठेवावा. आठवडा उलटल्यावर भर दुपारी बोट टेकवावे. चिकट लागल्यास तो पुडा मलमाच्या खलात जाऊ देऊ नये. ही परीक्षा शास्त्रीय निर्णय देत नाही, शंका मात्र निश्चित देते. आणि शंका आल्यावर द्रव्य बाजूस ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

कृती पहिली : राळेचे वॉर्निश

साहित्य : परीक्षा केलेली राळ एक भाग, शुद्ध टर्पेंटाइन तेल दोन भाग (दोन्ही वजनाने).

1) राळ निवडून साली, माती काढून टाकावी व जाडसर कुटावी. फार बारीक चूर्ण केल्यास तळाशी गोळा बसतो.
2) कुटलेली राळ मलमलीच्या फडक्यात सैल बांधून पोटली करावी.
3) रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत टर्पेंटाइन घेऊन पोटली त्यात बुडेल अशी दोऱ्याने टांगावी. ही रचना दोलायंत्रासारखीच आहे. फरक इतकाच की येथे अग्नी नाही आणि तो असताही कामा नये.
4) झाकण लावून बरणी सावलीत तीन-चार दिवस ठेवावी. दिवसातून दोनदा पोटली हलवावी.
5) पोटलीत गाळ उरल्यावर ती काढून घ्यावी, द्रव दुहेरी मलमलीतून गाळावा व एक दिवस निवळू द्यावा. वरचा स्वच्छ भाग वापरावा.

हे वॉर्निश थोडे ठिसूळ असते. हात लागणाऱ्या बाह्य भागासाठी त्यात दशमांश वाळणारे तेल मिसळावे. जवसाचे कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस घेते. म्हणून पूर्वी ते मुर्दाडशिंग घालून उकळीत. मृद्दारशृंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड होय. औषधालयाच्या फळीवर त्यास मुळीच स्थान नाही. बाजारातील 'डबल बॉइल' तेलात कोबाल्ट, मँगनीज यांचे क्षार घातलेले असतात; तेही बाह्य भागापुरतेच वापरावे. कच्चे तेल काचेच्या उथळ भांड्यात जाळीने झाकून काही आठवडे उन्हात ठेवल्यास मधासारखे दाट होते व लवकर वाळते. सोलापूरच्या उन्हाचा हा एक सदुपयोग होय.

जवस न मिळाल्यास करडईचे तेल चालते. आपल्या जिल्ह्याचे हे जुने पीक असून सोलापुरात करडईच्या संशोधनाचे केंद्र आहे. पूर्वी करडईचे तेल आटवून दाट केलेले रोगण चामडे व दोर यांचे पाण्यापासून रक्षण करण्यासाठी वापरीत. करडईचे आयोडीन मूल्य सुमारे 140 ते 150, तर जवसाचे 170 ते 200. त्यामुळे करडई सावकाश वाळते, पण कमी पिवळी पडते. मात्र ओलिक आम्लाचे प्रमाण अधिक असलेल्या नव्या वाणांचे तेल वाळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

राळ तेलात वितळवून पाक करण्याची एक जुनी रीत आहे. तैलपाकाचा सराव असलेल्यांना ती सोपी वाटेल. परंतु ती घरी करू नये. निर्यास वितळण्यास लागणारे तापमान तैलपाकाच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडचे असते, मिश्रण फसफसून वर येते व क्षणात पेट घेते. वरील शीत पद्धत आपल्या गरजेस पुरेशी आहे.

कृती दुसरी : लाखेचे पॉलिश

साहित्य : चपडा 100 ते 150 ग्रॅम, स्पिरिट एक लिटर.

चपडा काचेच्या बरणीत घेऊन त्यावर स्पिरिट ओतावे, झाकण लावावे व मधूनमधून हलवीत 24 तास ठेवावे. मलमलीतून गाळून घ्यावे. लोखंडी भांडे वापरू नये, पॉलिश काळवंडते. लाकूड पॉलिशपेपरने तंतूंच्या दिशेने घासून, पुसून कोरडे करावे. कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधून त्याने पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा सहा पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर पुरेसे वाळू द्यावे. गरजेपुरतेच पॉलिश करावे; सहा महिन्यांहून जुने पॉलिश नीट वाळत नाही, कारण स्पिरिटमध्ये राहून लाखेत रासायनिक बदल होत जातो.

बाजारातील स्पिरिट बहुधा अपेय करण्यासाठी मिथेनॉलसारखी विषारी द्रव्ये मिसळलेले असते. त्याची खरेदी व साठा यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू आहेत. ते औषधांच्या स्पिरिटजवळ कधीही ठेवू नये व बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे.

या पॉलिशचे उत्तम रूप पाहावयाचे असल्यास मिरजेस जावे. तेथील सतार व तंबोऱ्यांच्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे व 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढा भागात, भीमेच्या काठी पिकतात. त्या भोपळ्यावर अखेरीस जी चकाकी चढते ती लाख व स्पिरिट यांच्या पातळ हातांची असते. वाद्याच्या लाकडाचे कंपन मारले जाऊ नये म्हणून कारागीर थर पातळ ठेवतो. आपणही तोच नियम पाळावा.

कोणत्या फळीस कोणते रोगण

औषधालयाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. निर्यास ज्यात विरघळतो, ते द्रव्य त्या फळीवर सांडणार असेल तर ते रोगण तेथे व्यर्थ होय.

आसव-अरिष्टांची फळी : आसवारिष्टांत 12 टक्क्यांपर्यंत स्वयंजनित मद्यार्क असतो. बाटलीचा ओघळ लाखेच्या पॉलिशवर राहिल्यास पांढरा डाग पडतो व थर मऊ होतो. येथे तेलयुक्त राळेचे वॉर्निश द्यावे.

क्षार व टंकण यांची फळी : टंकणाच्या पाण्यात लाख विरघळते. येथेही लाख नको.

तेल व घृत यांची फळी : लाखेवर तेलाचा परिणाम होत नाही, येथे लाखेचे पॉलिश योग्य. केवळ राळ व टर्पेंटाइन यांचे बिनतेलाचे वॉर्निश येथे लावू नये. तेलाने ते मऊ पडते.

काष्ठौषधींचे खण : आतील बाजूस काहीही लावू नये. लाकूड घासून, ऊन दाखवून कोरडे ठेवणे हेच उत्तम. किडीचा उपद्रव असल्यास लाखेचा एकच पातळ हात पुरे, व तो पूर्ण वाळून वास गेल्यानंतरच खण भरावेत. गुग्गुळ, शतावरी, चूर्णे ही सर्व द्रव्ये टर्पेंटाइनचा वास ओढून घेतात.

खल, चाटू व लाकडी पात्रे : ज्यांचा औषधाशी प्रत्यक्ष संपर्क येतो त्यांस कोणतेही वॉर्निश देऊ नये.

ऋतू व दक्षता

पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते. वैशाखात स्पिरिट इतक्या लवकर उडते की बोळ्याच्या रेघा उठतात. सोलापुरात दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ या कामास सर्वांत अनुकूल आहे.

टर्पेंटाइनच्या वाफा सुमारे 35 अंशांपासून पेट घेऊ शकतात. उन्हाळ्यात आपल्या शहरातील नुसती हवाच त्याहून तप्त असते. स्पिरिट तर हिवाळ्यातही पेटते. म्हणून काम करताना उदबत्ती, समई, शेगडी, विडी यांपैकी काहीही जवळ नसावे व दारेखिडक्या उघड्या असाव्यात. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात बुडवून मग टाकाव्यात अथवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात. ज्यांना दमा अथवा त्वचेची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये.

उपसंहार

वरील विवेचनावरून औषधनिर्मिती करणाऱ्यांनी व विक्रेत्यांनी तीन नियम पाळावेत, अशी नम्र सूचना आहे. पहिला : राळ, लाख, गंधबिरोजा ही द्रव्ये खरेदी करताना देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव (लाखेच्या बाबतीत काडीलाख की चपडा, हे) लिहून घ्यावे. दुसरा : प्रत्येक नव्या पुड्याची मद्यार्क परीक्षा करून दिनांकासह वहीत नोंद करावी, या कामास दहा मिनिटे पुरतात. तिसरा : वॉर्निशसाठी आणलेले द्रव्य व औषधासाठी आणलेले द्रव्य यांच्या बरण्या व जागा पूर्णतः वेगळ्या ठेवाव्यात.

आमच्या कपाटाच्या फळ्या आता कोरड्या आहेत. त्यातील एक फळी मात्र आम्ही मुद्दाम खरवडली नाही. दर चैत्रात ती चिकट होते. नव्याने मलम शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथम त्या फळीवर बोट टेकवावयास सांगतो व नंतरच राळेचा पुडा उघडतो.